भाडं कोणी भरायचं?

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘केंद्राच्या निधीकपातीचा स्थानिक स्वराज्य संस्थांवरील परिणाम’ असा छापलाय. जेवणानंतरच्या सत्राला असा विषय देणाऱ्या आयोजकांच्या धाडसाला माझा सलाम. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. या विषयात शिरलो तो एका खोलीच्या भाड्यामुळे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझी अम्मी सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. तिची अंगणवाडी आमच्या मोहल्ल्यात भाड्याच्या खोलीत भरते. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, कोपऱ्यात वजनकाटा. खोलीचे मालक मोहल्ल्यातलेच, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. मध्यंतरी सलग सात महिने खोलीचं भाडं आलं नाही. चाचांनी पहिले तीन महिने काही म्हटलं नाही. चौथ्या महिन्यात ते घरी चहाला आले आणि नुसतेच बसून राहिले. चाचा नुसते बसले की त्याचा अर्थ काय, ते अम्मीला कळतं. तिने आपल्या मानधनातून दोन महिन्यांचं भाडं दिलं. मला फोनवर सांगितलंसुद्धा नाही, बहिणीकडून कळलं.

मी चिडून म्हटलं, तू कार्यालयात विचारलंस का? ती म्हणाली, “विचारलं की. वरून आलं नाही म्हणतात.”

हे ‘वरून आलं नाही’ तुम्हीही ऐकलं असणार. आशाताईंचा मोबदला, शाळेतला पोषण आहार, घरकुलाचा हप्ता, पाण्याच्या टाकीचं अर्धवट काम, सगळीकडे उत्तर एकच. माझ्या धंद्यात एखादं पान उघडत नसेल तर आम्ही त्या पानाकडे बघत बसत नाही. ते कुठून माहिती मागतं, ती देणारा पुढे कोणाकडून मागतो, असं मागे मागे जात राहतो. बिघाड बहुतेक वेळा चार पायऱ्या मागे असतो आणि शिव्या शेवटच्या पायरीवरच्या माणसाला बसतात. अम्मीच्या भाड्याच्या बाबतीत मी तेच केलं. ‘वर’ म्हणजे नेमकं कुठे, ते शोधायला निघालो.

अंगणवाडी वॉर्डात असली तरी नगरपालिकेची नसते. ती राज्याच्या महिला व बालविकास खात्याची. पण योजना केंद्र पुरस्कृत, म्हणजे खर्च दोघांनी वाटून घ्यायचा, आपल्यासारख्या राज्यांना बहुतेक बाबींत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. सेविकेच्या मानधनाचं बघा. केंद्राने ठरवलेली रक्कम महिना ४,५०० रुपये. ती ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली, त्याआधी ३,००० होती. तेव्हापासून पेट्रोल, तेल, डाळ, सगळं कुठल्या कुठे गेलं. हे ४,५०० मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहिले. मग अम्मीच्या हातात जास्त कसे येतात? वरची भर राज्य सरकार घालतं. तीही सहज घातली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये संप झाला तेव्हा सेविकांचं मानधन १०,००० झालं. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये सेविका आणि मदतनीस पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या. अम्मी त्या थंडीत मुंबईला आझाद मैदानावर जाऊन आली. आयुष्यात पहिल्यांदा मुंबई बघितली, ती अशी.

आता मला सांगा, यात केंद्राने काही कापलं का? कागदावर एक रुपयासुद्धा नाही. ४,५०० चे ४,५०० कायम. पण आकडा गोठवून ठेवला की महागाई दरवर्षी त्यातला थोडा थोडा भाग खाते. अशा कपातीची घोषणा होत नाही, संसदेत चर्चा होत नाही, पेपरात मथळा येत नाही.

दुसऱ्या प्रकारात हिस्सा बदलतात. २०१५ साली चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा करांमधला वाटा ३२ वरून ४२ टक्के केला. ही चांगलीच गोष्ट होती. पण त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात बालविकास सेवांची केंद्राची तरतूद आदल्या वर्षीच्या निम्म्याच्याही खाली आणली. म्हणणं असं की राज्यांना आता जास्त पैसे मिळतात, त्यांनी बघावं. पुढे ओरड झाली आणि वर्षाच्या आतच ती बरीच वाढवावी लागली. ग्रामीण रोजगार हमीचं ताजं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. आधी अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र करत होतं. डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी नवा कायदा आला, दिवस १०० चे १२५ झाले आणि बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६०:४० ठरली. दिवस वाढले हे सगळ्यांना दिसलं. चाळीस टक्के कोण भरणार, हे गावात कोणी विचारलं? ज्या महाराष्ट्राने १९७० च्या दशकात स्वतःच्या पैशावर रोजगार हमी चालवून देशाला दाखवली, तिथे तरी हा प्रश्न जोरात यायला हवा होता.

तिसरा प्रकार मला सगळ्यात धूर्त वाटतो. माझ्या डोक्यात शिरायला त्याला वेळ लागला, त्यामुळे सावकाश सांगतो.

अर्थसंकल्पात एकाच गोष्टीचे तीन आकडे असतात. वर्षाच्या सुरुवातीला ठरते ती तरतूद. वर्ष संपत आलं की येतो तो सुधारित अंदाज. आणि आणखी एक वर्ष गेल्यावर कळतो तो प्रत्यक्ष खर्च. आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं खातं घेऊ, अल्पसंख्याक मंत्रालय. २०२२-२३ ची तरतूद होती ५,०२० कोटी. २०२३-२४ ला ती ३,०९७ कोटी झाली. त्या दिवशी आपल्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरला, ‘३८ टक्के कपात’. समोरून उत्तर आलं की कपात कुठे आहे, ही तर वाढ आहे. मी दोन्ही तपासले. गंमत म्हणजे दोन्ही आकडे खरे होते. कारण ५,०२० कोटींपैकी त्या वर्षात खर्च होणार होते फक्त २,६१२ कोटी, असं सुधारित अंदाजात लिहिलं होतं. त्याच्याशी तुलना केली तर ३,०९७ ही वाढच दिसते.

खरी कपात फेब्रुवारीत, टीव्हीवर झालीच नव्हती. ती आधीच्या दहा महिन्यांत, पैसे न सोडता, न बोलता होऊन गेली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद झाली आणि फक्त नववी-दहावीपुरती उरली. कारण दिलं की शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतचं शिक्षण तसंही मोफत आहे. फी मोफत आहे, मान्य. वही, बूट, रिक्षा मोफत नाही. रक्कम फार मोठी नव्हती, पण आमच्या मोहल्ल्यात त्या पैशांवर जूनमध्ये दप्तर यायचं. त्याच डिसेंबरमध्ये मौलाना आझाद फेलोशिपही थांबवल्याचं लोकसभेत सांगितलं गेलं. तुमच्यातल्या पीएच.डी. करणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको. मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीची तरतूद २०२२-२३ ला १,४२५ कोटी होती, २०२५-२६ ला ती १९५ कोटींवर आली.

आता जरा अवघड भाग. याच मंत्रालयाची ‘प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रम’ नावाची योजना आहे. अल्पसंख्याक वस्ती असलेल्या भागात शाळेच्या खोल्या, वसतिगृहं, आयटीआय, आरोग्य केंद्रं बांधायची. तिची तरतूद २०२२-२३ ला १,६५० कोटी होती, पुढच्या वर्षी ६०० कोटी झाली. सरकारी उत्तर ठरलेलं: राज्यांकडून प्रस्ताव येत नाहीत, आधीच्या पैशांची उपयोगिता प्रमाणपत्रं येत नाहीत. हे उत्तर सोयीचं आहे, पण ते पूर्ण खोटं आहे असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. जुलै २०२१ पासून केंद्र पुरस्कृत योजनांचे पैसे पंचवीस-पंचवीस टक्क्यांच्या हप्त्यांत सोडायचे आणि आधीच्या रकमेचा ७५ टक्के वापर झाल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही, असा नियम आहे. राज्याने आपला हिस्सा उशिरा घातला, नगरपालिकेत अभियंत्याचं पद रिकामं राहिलं, कंत्राटदाराने काम रखडवलं, कुठेही गाडी अडली की पुढचा हप्ता थांबतो. मग फेब्रुवारीत कोणीतरी म्हणतो, बघा, यांना खर्च करता येत नाही, कमी करा. पुढच्या वर्षी तरतूदच कमी. त्यात माणसं नेमता येत नाहीत, म्हणून खर्च आणखी कमी. आमच्या भाषेत याला लूप म्हणतात. यातून बाहेर पडायचं बटण कोणीतरी दाबावं लागतं, ते आपोआप थांबत नाही.

आणि आपण काय प्रस्ताव देतो? मी आमच्या गावातल्या चार नगरसेवकांना विचारलं की तुम्ही मोहल्ल्यासाठी काय मागितलं. कब्रस्तानची भिंत, शादीखाना, पेव्हर ब्लॉक. कब्रस्तानला भिंत हवीच, माझे दादा तिथेच आहेत. पण चौघांपैकी एकानेही अंगणवाडीच्या इमारतीसाठी जागा मागितली नव्हती. मग सात महिन्यांच्या भाड्याबद्दल फक्त दिल्लीकडे बोट दाखवताना माझा हात थोडा थरथरतो.

आता नगरपालिकेकडे वळू. तिच्या खिशात पैसे येतात ते तीन दारांनी. पहिलं दार स्वतःचं: घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बांधकाम परवानगीची फी. दुसरं राज्याचं. तिसरं केंद्राचं. पूर्वी पहिल्या दारावरच जकात नाका होता. नगरपालिकांची जकात आधीच गेली, बहुतेक महापालिकांत तिच्या जागी आलेला एलबीटी ऑगस्ट २०१५ मध्ये जवळजवळ संपला, आणि मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बंद झाली. मुंबईला त्या महिन्यात राज्याकडून भरपाईचा पहिला चेक मिळाला, ६४७ कोटींचा. चित्र चांगलं होतं, फोटोही छान आले. पण त्या दिवसापासून देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिकासुद्धा दर महिन्याला दुसऱ्याच्या चेकची वाट बघणारी झाली. महापालिकांना ही भरपाई दरवर्षी आठ टक्के वाढवून द्यायची, असं राज्याच्या कायद्यात आहे. राज्याला केंद्राकडून मिळणारी जीएसटी भरपाई मात्र पाच वर्षांचीच होती. ती ३० जून २०२२ ला संपली. वरचा नळ बंद झाला तरी खालच्याला पाणी द्यायचं वचन कायम. मग राज्य कुठेतरी हात आखडतं. अंगणवाडीच्या भाड्यासारख्या, आवाज नसलेल्या जागी.

‘वरच्या’ पायरीवर आणखी एक गोष्ट आहे. केंद्राच्या करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना मिळतो असं आपण वाचतो. हे ४१ टक्के वाटणीयोग्य करांचे असतात. उपकर आणि अधिभार वाटणीत धरत नाहीत. मे २०२२ मध्ये पेट्रोलवर लिटरमागे १९ रुपये ९० पैसे केंद्राचा कर होता. त्यातला राज्यांशी वाटायचा मूळ अबकारी कर किती होता? १ रुपया ४० पैसे. म्हणजे गाडीत पेट्रोल भरताना तुम्ही दिल्लीला जे वीस रुपये देत होता, त्यातून तुमच्या राज्याकडे, आणि मग कधीतरी तुमच्या गटारापर्यंत कराचा वाटा म्हणून परत येऊ शकणारी रक्कम साठ पैशांच्या वर नव्हती. मी हा हिशेब अम्मीला सांगितला. ती म्हणाली, “म्हणजे भाडं मी आधीच भरलेलं आहे.” मला इतकं सोपं करून सांगता आलं नसतं.

केंद्राच्या दारातून नगरपालिकेला थेट मिळणारा महत्त्वाचा पैसा म्हणजे वित्त आयोगाचं अनुदान. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी देशातल्या शहरी संस्थांना १,२१,०५५ कोटी आणि ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी सुचवले, शिवाय स्थानिक आरोग्यसेवेसाठी ७०,०५१ कोटी वेगळे. छोट्या गावांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. या पैशाला अटी होत्या: लेखापरीक्षा झालेले हिशेब ऑनलाइन टाका, घरपट्टीचे किमान दर ठरवा. आणि निवडून आलेलं सभागृह हवं. महाराष्ट्रात २०२२ पासून महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा एकेक करून प्रशासकांच्या हाती गेल्या. पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदांचा वित्त आयोगाचा वाटा त्यामुळे थांबला. नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या डिसेंबर २०२५ मध्ये, महापालिकांच्या १५ जानेवारी २०२६ ला. जवळपास चार वर्षं निवडणूक नव्हती तेव्हा आपण तो राजकीय पक्षांचा प्रश्न समजलो. तो घंटागाडीचा प्रश्न आहे हे आपल्या लक्षात आलं नाही.

आणखी एक, कारण समोर बरेच जण डेटाचं काम करणारे दिसतात. पंधराव्या आयोगाने वाटपासाठी २०११ ची लोकसंख्या धरली. २०११ नंतर भिवंडीत, मुंब्र्यात, मालेगावात, पुण्यात कोंढव्यात किती माणसं वाढली ते आठवा. न मोजलेल्या माणसालाही पाणी प्यावं लागतं, त्याच्या मुलालाही लस लागते. त्याच्या नावाचं अनुदान मात्र येत नाही. जनगणनेचा माणूस दारात आला की ‘नंतर या’ म्हणू नका. घरात जितकी माणसं आहेत तितकी सांगा, भाडेकरूही सांगा.

मघाशी चहाच्या वेळी एका मुलीने विचारलं की लोकांच्या खात्यात थेट पैसे येतात, ते काय वाईट? वाईट मुळीच नाही. लाडकी बहीणचे १,५०० रुपये आमच्या मोहल्ल्यात कितीतरी बायकांना मिळतात, त्यांच्या चालण्यातला फरक मला दिसतो. तो पैसा बंद करा असं मी म्हणणार नाही. पण ते अर्ज भरून कोणी दिले? अंगणवाडी सेविकांनी. एका अर्जामागे पन्नास रुपये कबूल होते. खात्यातले १,५०० प्रत्येकीला दिसतात. अंगणवाडीची गळकी खोली, आरोग्य केंद्रात नसलेली नर्स ही कोणाच्याच खात्यात दिसत नाही. सरकारला जिथे गाजावाजा होतो तिथे हात आखडता येत नाही, म्हणून जिथे होत नाही तिथे आखडतो. आणि गरीब वस्तीला खोली आणि नर्स विकत घेता येत नाही. कोंढव्यातला माझा पगारदार मित्र मुलाला खासगी प्लेग्रुपला घालतो. त्याला हे सात महिने कळलेसुद्धा नसते.

मग करायचं काय? माझ्याकडे मोठं उत्तर नाही. दिल्लीचे आकडे आपण इथून बदलू शकत नाही. पण आपल्या गावाचं अंदाजपत्रक नावाचं जे पुस्तक असतं, ते मार्चपर्यंत सभागृहासमोर येतं आणि ते बघायचा आपल्याला हक्क आहे. संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात मागा. पुण्यात राहणाऱ्यांसाठी २००६ पासून नागरिकांनी वॉर्डातली कामं सुचवायची सोय आहे. आपल्यातल्या किती जणांनी तो अर्ज भरलाय? हात नका वर करू, मीसुद्धा गेल्याच वर्षी पहिल्यांदा भरला.

मी आमच्या गावचं अंदाजपत्रक मिळवलं. दोनदा जावं लागलं, एकदा झेरॉक्सचं मशीन बंद होतं. त्यात महिला व बालकल्याण असं एक शीर्ष आहे. नगरपालिकेने आपल्या निधीतले पाच टक्के त्यासाठी ठेवायचे असतात. मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च बघितला तर शिवणकामाचं प्रशिक्षण, एक मेळावा, आणि बरीचशी रक्कम अखर्चित. लूप दिल्लीतच असतो असं नाही.

आमच्या वॉर्डात आता नवीन नगरसेविका निवडून आल्या आहेत. अम्मी आणि तिच्याबरोबरच्या पाच सेविका त्यांना भेटल्या. मी एक पानाचा तक्ता करून दिला होता: कोणत्या अंगणवाडीचं भाडं कधीपासून थकलंय, जवळ नगरपालिकेची कोणती जागा रिकामी आहे, जनविकास कार्यक्रमात इमारतीचा प्रस्ताव कोणी पाठवायचा. बाईंनी तक्ता दोनदा वाचला आणि विचारलं, हे कोणी केलं? अम्मीने माझं नाव सांगितलं नाही. म्हणाली, “आम्हीच.”

भाडं शेवटी आलं. सात महिन्यांचं एकदम. अम्मीने भरलेले दोन महिन्यांचे पैसे चाचा परत द्यायला आले, तेव्हा ती म्हणाली, राहू द्या, पत्रा बदला. इमारतीचा प्रस्ताव अजून नगरपालिकेतच आहे, मी दर सोमवारी फोन करतो. तो तक्ता आणि अंदाजपत्रक कसं वाचायचं याची चार पानं मी सोबत आणली आहेत. ज्यांना हवीत त्यांनी मागच्या टेबलावरून घ्या. कमी पडली तर फोटो काढा.